पोटाच्या चरबीतलं निदान

तुमच्या आजोबांची प्रत्येक तक्रार मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवत आले. दम आणि पायांची सूज लाल फाइलमध्ये, मनगटांची जुनी ऑपरेशनं निळीत. सोलापूरला हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे जाताना अर्थातच मी लालच घेतली. आधीच्या दोन डॉक्टरांनीही तीच पाहिली होती आणि गोळ्या वाढवल्या होत्या. दम मात्र वाढतच होता.

बाईंनी इको पाहिला. मग आजोबांचे हात उताणे करून दोन्ही मनगटांवरच्या खुणांवर बोट ठेवलं.

"ह्या कशाच्या?"

"मुंग्या यायच्या. शीर दबली होती. त्याची फाइल वेगळी आहे," मी म्हणाले.

"आजी, माणूस तर एकच आहे ना?"

त्यांनी समजावलं: अमायलॉइड नावाचं बिघडलेलं प्रथिन शरीरात ठिकठिकाणी साठतं, मनगटात, हृदयाच्या भिंतीतही. तसं असेल तर उपचार वेगळा, आणि उशीर परवडणारा नाही. खात्रीसाठी तुकडा काढून तपासायला हवा.

आजोबा उठलेच. "काळजाला हात लावू देणार न्हाय."

"काळजाचा नाही, काका. पोटाच्या कातडीखालची थोडी चरबी. तिथंही ते सापडतं. नाहीच सापडलं, तर मात्र हृदयातून घ्यावा लागेल."

ते घरी येऊन अडून बसले. शेवटी अणदूरहून त्यांची थोरली बहीण आली.

"इतकी वर्सं पोट वाढीवलंस, एकदा तरी कामाला येऊ दे की!"

"आक्का, तू गप बस."

"भितुस व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच गाडीत जाऊन बसले.

बेंबीशेजारची जागा बधिर केली, चिमूटभर चरबी काढली. चहा थंड व्हायच्या आत ते बाहेर आले. पुढचा आठवडा मात्र मला जड गेला. रिपोर्टमध्ये दोष निघावा, अशी इच्छा मी आयुष्यात पहिल्यांदाच केली.

दोष निघाला. खास रंग दिलेल्या त्या चरबीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसली होती. हृदयाला सुई लागली नाही. प्रथिनाचा प्रकारही तपासण्यांतून कळला आणि इंजेक्शनं सुरू झाली.

हृदय पूर्ववत होईल असं बाई म्हणालेल्या नाहीत. नव्यानं साठणं थांबवता येईल, एवढंच म्हणाल्या. पण सुजलेल्या पायांसाठी घेतलेल्या मोठ्या चपला आता त्यांच्या पायातून निसटतात. आज संध्याकाळी आम्ही नव्या आणायला जाणार आहोत.