तीन नंबरच्या मशीनवरचे शत्रू

मी कॉम्प्युटर शिकवते. मशीनला जेवढं सांगाल तेवढंच ते करतं, हे वाक्य मी आजवर किती मुलांना सांगितलं असेल याची गणती नाही. आमच्या घरी अमावस्या कधी आहे हे कॅलेंडर बघितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही, आणि कळून कुणी काही वेगळं करायचंही नाही. अशा घरात वाढलेली मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय. नवऱ्यालासुद्धा यातलं अर्धंच माहीत आहे.

साल शहाण्णव. बी.एस्सी. होऊन वर्ष झालेलं. राहायला डोंबिवलीला, आणि शिकवायला विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, कल्याण पूर्वेच्या बाजूच्या एका छोट्या क्लासमध्ये. खाली पाइप आणि पत्र्यांचं दुकान, वर आमची एकच लांबट खोली. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले, एसी घरघरत असायचा. आत शिरताना उजव्या भिंतीला तीन मशीन, डाव्या भिंतीला तीन. बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे. मधे एक माणूस जाईल एवढी वाट. उजवीकडचं शेवटचं मशीन, म्हणजे तीन नंबर, अगदी कोपऱ्यात. दारापासून सगळ्यात लांब.

माझ्याबरोबर मिलिंद शिकवायचा. शहाडचा. माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, हसरा, मशीन उघडून दुरुस्तही करायचा. सकाळच्या बॅचेस एकला संपायच्या, पुढची चारला. मधले तीन तास आम्ही दोघंच.

एकदा मिलिंद पाच फ्लॉपी घेऊन आला. गेम होता. आपण एक योद्धा, किल्ल्याच्या तळघरात उतरायचं, जादू शिकायची, तलवारी गोळा करायच्या आणि वाटेत येणाऱ्या शत्रूंना मारायचं. शत्रू म्हणजे लोखंडी टोप घातलेले, हिरवट तोंडाचे सैनिक. सगळं आपल्या डोळ्यांनी बघितल्यासारखं दिसायचं, म्हणजे स्क्रीनवर समोर फक्त आपला हात आणि तलवार.

आम्हाला त्या गेमपेक्षा ते शत्रू जास्त आवडायचे, कारण ते भयंकर मूर्ख होते. दोघं शेजारी पहारा देत उभे असले आणि लांबून बाण मारून एकाला पाडलं, तरी दुसरा ढिम्म. पायाशी सोबती मरून पडलाय आणि हा समोर बघतोय! पाठलाग करत आले आणि आपण दार लावलं, की विसरले. एक तर खांबाला धडकत जागच्या जागी चालत राहायचा. आम्ही चहा पिऊन आलो तरी त्याचं चालणं सुरूच.

"अगं वैशाली, येडा आहे हा पूर्ण!" मिलिंद हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहायचा.

"कोणी लिहिलंय रे यांना?"

"चार ओळींचा प्रोग्राम आहे. दिसला की चाल, जवळ आला की मार. घाबरणं-बिबरणं त्यांच्यात लिहिलेलंच नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. घाबरणं त्यांच्यात लिहिलेलं नव्हतं.

पहिले काही दिवस आम्ही एक आणि दोन नंबरवर खेळलो. मग दोन नंबरचा मॉनिटर बिघडला, म्हणून मिलिंदने गेम तीन नंबरवर टाकला. त्या दुपारी तो एकाकडे मशीन दुरुस्त करायला गेलेला. मी एकटीच बसले.

तळघरात उतरले. चार सैनिक समोर. मी तलवार काढून उभी राहिले… कोणी येईना. एक पाऊल पुढे टाकलं. ते एक पाऊल मागे. आणखी पुढे गेले, तसे ते सरकत सरकत भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मला गंमत वाटली. म्हटलं, आपला योद्धा आता बलवान झाला असेल, म्हणून घाबरतात. शिकवणारी असून एवढं डोक्यात आलं नाही, की घाबरायचं त्यांना कोणी शिकवलेलंच नाही.

मग मी नीट बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. चौघांचीही तोंडं जरा डावीकडे होती. माझ्या डाव्या खांद्याच्या वरून, मागे कुठेतरी.

मी मागे वळून बघितलं. मोकळी वाट. समोर डाव्या भिंतीची मशीनं, त्यांच्यावर प्लॅस्टिकची कव्हरं. कोणी नाही. पुन्हा स्क्रीनकडे वळले, तर चौघांच्या माना हळूहळू वळत होत्या… डावीकडून उजवीकडे. आपण दारात उभे असताना समोरून कोणी जात असेल तर आपण कसे बघतो, तशा. माझ्या खुर्चीमागून कोणीतरी सावकाश चालत गेल्यासारख्या.

मी सरळ स्विच बंद केला. मशीन असं बंद करू नका, हे मीच मुलांना ओरडून सांगायचे. चारची बॅच येईपर्यंत बाहेर जिन्यात, चपलांजवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मिलिंदला सांगितलं. तो हसला नाही, कारण मी उगाच काही बोलणाऱ्यातली नाही हे त्याला माहीत होतं. त्याने फ्लॉपीवरून गेम पुन्हा टाकला. व्हायरस आहे का बघितलं. एक नंबरवरच्या फाइल्स आणि तीन नंबरवरच्या फाइल्स जुळवून बघितल्या. एका अक्षराचाही फरक नाही. एक नंबरवर सैनिक पूर्वीसारखे मूर्ख, धावून यायचे. तीन नंबरवर भिंतीला चिकटलेले.

मग त्याने सैनिकांची चित्रं असलेली फाइल उघडली. मरून पडलेलं सोडलं, तर एका सैनिकाची एकूण आठ चित्रं होती. समोरून, पाठमोरा, दोन बाजूंनी, आणि प्रत्येकाचं वार करतानाचं एक. बस्स.

"मान वळवलेलं चित्रच नाही गं यात," तो म्हणाला. "अंग समोर आणि तोंड बाजूला, असं चित्रच काढलेलं नाहीये कोणी."

"पण तू बघितलंस ना आत्ता?"

"बघितलं." आणि त्याने ती आठ चित्रं पुन्हा एकेक करून मोजली.

आम्ही याबद्दल कोणाकडे चकार शब्द काढला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तरी त्याच आठवड्यात मनीषा माझ्याकडे आली. चारच्या बॅचची मुलगी, खाडीकडच्या कोळीवाड्यातली. बाजारात मासे विकणाऱ्या आईला घर चालवायला मदत व्हावी म्हणून नोकरीसाठी धडपडत होती. एक दिवसही चुकवायची नाही. ती तीन नंबरवर बसायची.

"मॅडम, माझी जागा बदला ना."

"का गं? मशीन स्लो आहे का?"

"मशीन बरं आहे." ती दाराकडे बघत म्हणाली, "मागं उभं राहून कोन तरी वाचतंय. मी टाइप करते ना, ते वाचतंय. मी थांबले की तेही थांबतंय. वाकलं की मानेला कळतंय मला."

"कोणी मुलगा त्रास देतो का? नाव सांग."

"मुलगा असता तर मी त्याला सोडला असता का, मॅडम?"

मी तिला सहा नंबर दिला. रजिस्टरमध्ये तीन नंबरसमोरचं तिचं नाव खोडून सहासमोर लिहिलं.

खालच्या दुकानदाराला मी सहज म्हणून विचारलं, वर आधी काय होतं. म्हणाला, टायपिंगचा क्लास होता, त्याआधी गोदाम. काही वाईट घडलं होतं का? "नाही हो, चांगली जागा आहे. पोरांना नोकऱ्या लागल्या इथून." म्हणजे तिथेही काही हाती लागलं नाही.

मिलिंदला मात्र सोडवेना. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो म्हणाला, "तू खेळ. मी एकेक वस्तू बदलत जातो. माउस, कीबोर्ड, मॉनिटर. कशाने थांबतं ते बघू." मला बसायचं नव्हतं. पण तो सोबत होता, बाहेर लख्ख ऊन होतं, खाली पाइप ट्रकमध्ये भरण्याचा खणखणाट चाललेला. मी बसले.

त्या दिवशी मी तळघराचं दार उघडलं आणि सगळेच्या सगळे आले. चार नाही, वीस-पंचवीस. पुढच्या खोल्यांमधले, आम्ही अजून पोचलोही नव्हतो तिथले सुद्धा. धावत आले. मी तलवार उचलली, पण एकानेही वार केला नाही. ते माझ्याजवळ येऊन दाटीने उभे राहिले. आणखी जवळ, आणखी जवळ… काही तर थेट माझ्या अंगाला येऊन चिकटले. स्क्रीनवर सगळीकडे ती हिरवट तोंडं. आणि तेव्हा मला कळलं, की हे माझ्यावर चालून आलेलेच नाहीत. हे माझ्याकडे लपायला आलेत.

सगळ्यांचे डोळे माझ्या डाव्या खांद्यावरून मागे लागलेले. मी वळले नाही. वळण्याची हिंमत नव्हती. मानेवर गार काहीतरी होतं, ते एसीचं नव्हतं. एसी समोरच्या भिंतीला होता.

मिलिंद माझ्या उजवीकडे, दोन नंबरच्या टेबलाखाली वाकून वायर सोडवत होता. त्याला स्क्रीन दिसत नव्हता.

मग तोंडं वळायला लागली. डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश. वळता वळता उजवीकडे खाली येऊन थांबली. मिलिंद होता तिथे. तो उठून उभा राहिला. वीस-पंचवीस माना त्याच्याबरोबर वर उचलल्या गेल्या.

मानेवरचा गारठा गेलेला होता.

"काय झालं?" मिलिंदने विचारलं. "तोंड का असं झालंय तुझं?"

स्क्रीन त्याला दिसू नये म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. का दिसू द्यायचा नव्हता, ते खाली लिहिते. "काही नाही," मी म्हटलं. "हँग झालंय."

"थांब, जरा कीबोर्ड घेऊन येतो जिन्यावरच्या माळ्यावरून." तो दाराकडे गेला. स्क्रीनवरची तोंडं त्याच्याबरोबर वळत वळत पार काठापर्यंत गेली. दार उघडलं, चपला घातल्याचा आवाज आला, दार लागलं.

आणि त्या क्षणी सगळे सैनिक माझ्याकडे वळून तुटून पडले. चार ओळींच्या प्रोग्रामसारखे. दिसला की चाल, जवळ आला की मार. माझा योद्धा दोन सेकंदांत मेला. मला एवढं हायसं वाटलं, की मी रडायला लागले.

त्यानंतर तीन नंबर अगदी शहाणं झालं. मनीषासुद्धा एकदा तिथे बसली आणि काही बोलली नाही. मिलिंद खूश. "बघ, वायरच सैल होती," म्हणाला.

पण पंधरा दिवसांत तो वेगळा दिसायला लागला. खुर्ची फिरवून भिंतीला पाठ लावून बसायचा, मुलांशी बोलताना मधेच थांबायचा. मग यायचाच बंद झाला. मी शहाडला त्याच्या घरी गेले. तो आतल्या खोलीत झोपलेला. त्याच्या आईने मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं,

"तुमच्यात काही भांडण झालं का गं?"

"नाही, काकू. का?"

"पेपर वाचायला बसतो ना, तर एकाच पानावर बसून राहतो. मी म्हटलं, अरे, वाचून झालं असेल तर पान उलट, बाबांना हवाय. तर म्हणतो, थांब आई, त्याचं अजून व्हायचंय." त्यांचे डोळे भरून आले. "त्याचं म्हणजे कोणाचं गं? घरात आम्ही तिघंच."

त्या वेळी तरी मी सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायले आणि उठले.

मिलिंदला डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कोणीतरी सांगितलेलं देवाचंही झालं. पुढे तो सावरला म्हणतात. पुण्याला नोकरी लागली, लग्न झालं. नव्व्याण्णवच्या शेवटी ठाण्यात वर्तकनगरला एका ओळखीच्यांच्या लग्नात तो मला भेटला. बारीक झालेला, पण हसरा. बायको कोणाशी तरी बोलत होती. तो जवळ येऊन हळूच म्हणाला,

"वैशाली, एक विचारू? त्या दिवशी मी टेबलाखालून उठलो, तेव्हा स्क्रीनवर काय होतं?"

"काही नाही रे. हँग झालेलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं," म्हणाला, आणि चालायला लागण्याआधी अर्धं पाऊल बाजूला सरकला. आपण मागच्याला वाट देतो ना, तसा.

मी नंतर खूप वाचलं, मोठमोठ्या प्रोग्रामर लोकांना आडून आडून विचारलं. आठ चित्रांमधून नववं कसं तयार होतं, हे मला कोणी सांगू शकलं नाही. मनीषाला कसं कळलं, तेही नाही. ते काय होतं, का वाचत होतं, आता कुठे आहे… मला यातलं काहीच माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की ते माझ्या मागून निघून त्याच्याकडे गेलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्याने स्क्रीन बघितला, तर ते परत माझ्याकडे येईल, अशी भीती वाटली होती. म्हणून खुर्ची ओढली.

मिलिंद, वाचत असशील तर… मशीन हँग झालं नव्हतं.