येलदरी: आक्काची समजूत काढायला गेलो त्याची गोष्ट

येलदरीला कुणी मुद्दाम जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. मराठवाड्यात आलेला माणूस लेणी बघतो आणि परततो, पूर्णा नदीवरचं हे धरण राहूनच जातं. मी मुद्दाम गेलो होतो, पण धरण बघायला नव्हे. नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. तेव्हा मी जालन्यात मास्तर होतो आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन करायचो. माझा आवाज चांगला आहे, याची सगळ्यात जास्त खात्री मलाच होती.

थोरली बहीण, आमची आक्का, येलदरीला राहायची. दाजी तिथल्या वीजघरात कामाला. त्यांचा एकुलता एक संजू बाविसाव्या वर्षी काविळीनं गेला. मातीच्या वेळी आक्कानं हेल काढला. तिकडच्या बायका काढतात तसाच, गेलेल्याला नावानं हाका मारत, सुरात. मी पुढं झालो आणि म्हणालो, "आक्का, आपण ख्रिस्ती माणसं. आपल्याला आशा आहे. आपण असं रडत नसतो."

ती थांबली, ती थांबलीच. तिच्या आवाजावर तिथली रविवारची प्रार्थना चालायची, पण दीड वर्ष तिनं प्रार्थनेत तोंड उघडलं नाही. दाजी कामानिमित्त जालन्याला आले तेव्हा म्हणाले, "देवाचं नाव काढलं की उठून जायलीय. तूच येऊन बग एकदा." मला वाटलं, दोन आनंदाची गाणी आणि अर्ध्या तासाचं प्रवचन, झालं काम. पिशवीत खंजिरी टाकली आणि निघालो.

तेव्हा जालना-परभणी मीटरगेज होतं, कोळशाचं इंजिन. खिडकीत बसायची हौस केली की परभणीपर्यंत माणूस निम्मा काळा. आता रूळ मोठे झालेत, खुशाल बसा. पेडगावला समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी जी थांबली ती थांबलीच. शेजारच्या शेतकऱ्यानं हिरव्या हरभऱ्याची जुडी माझ्या मांडीवर टाकली.

"खावा मास्तर. कुठं जायलाव?"

"मास्तर आहे हे कसं ओळखलं?"

"खिशाला शाईचा डाग हाय की."

बहिणीची समजूत काढायला निघालोय म्हटल्यावर तो इतका हसला की डब्यातल्या लोकांनी माना वळवल्या. "थोरल्या बहिनीची? लय मोठं काम काढलंत बगा!" हरभरा मात्र फार गोड होता.

परभणीत उतरलात तर आधी चहा घ्या आणि चौकशी करा, हा तेव्हाचा नियम. नामांतराचे दिवस होते. भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा, आणि बंद असला की एसटी गायब. स्टँडजवळचा चहावाला म्हणाला, "कल बंद था, आज चालू है. चा पीके जाव." प्यालो. जिंतूरला गाडी बदलायची, आणि तिथून पुढं जितकी माणसं आत तितकीच टपावर. आता रस्ता बरा आहे म्हणतात. पावसाळा संपल्यावर जा, पाणी काठोकाठ असतं. मी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि एवढं पाणी मी येलदरीखेरीज कुठं पाहिलं नव्हतं. दुष्काळी माणसाला ते खोटंच वाटतं.

आक्कानं जलाशयातला ताजा मासा तळला होता आणि ज्वारीच्या गरम भाकरी. तसं जेवण मला पुन्हा कुठं मिळालं नाही. माझ्या मुलांची तिनं नावं घेऊन चौकशी केली, बायकोचा गुडघा विचारला. मग मी खंजिरी काढली. पहिल्या कडव्याला ती पाणी आणायला उठली आणि गाणं संपेपर्यंत आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी काठावर फिरायला गेलो तर शेजारच्या रुक्मिणबाई धुणं धुत होत्या. शेतकऱ्याघरची बाई, बोलायला रोखठोक.

"तुमीच ना भाऊ तिला गप केलतं?"

"अहो, आमच्यात तसं..."

"आमच्यात माय रडंना झाली तर बायका बसून तिला रडवतात. न्हाई तर आत कुजतंय ते. तुमी शिकल्याले, तुमाला एवढं कळंना का?"

लाज वाटली, खरंच.

प्रार्थना दाजींच्याच ओसरीवर व्हायची. सात-आठ माणसं जमली, आक्का आत पीठ मळत होती. तयार केलेलं प्रवचन काढायचा धीर होईना. म्हणून मी एरवी टाळत आलो होतो ते एक स्तोत्र उघडलं. नुसती तक्रार. देवा, तू तोंड का फिरवलंस, माझी माणसं का नेलीस. अशी बरीच स्तोत्रं शेवटाला वळतात, देवाची स्तुती करतात. मी त्या वळणाची वाट बघत वाचत गेलो. ते आलंच नाही. स्तोत्र अंधारातच संपलं आणि मी खुळ्यासारखा थांबलो.

आतून आवाज आला, "फुडं?"

"पुढं नाही आक्का. एवढंच आहे."

ती दारात आली, हात पिठाचे. "असं बी हाय व्हय देवाच्या पुस्तकात?"

"आहे. पुष्कळ आहे."

"मंग मला कामून गप केलंस रे, सुधाकर?"

"चुकलो आक्का," मी म्हणालो.

ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं हेल काढला. पण या वेळी संजूला नव्हे. "देवा, तू कुठं व्हतास रं? माझं लेकरू पिवळं पडायलं तवा तू कुठं व्हतास?" रुक्मिणबाई धावत आल्या, तिला धरून बसल्या. कितीतरी वेळ चाललं ते. दाजी भिंतीकडं तोंड करून उभे होते. आमेन म्हणायचं कुणालाच सुधरलं नाही.

दुपारी ती पोटभर जेवली. मी भीत भीत विचारलं, "आक्का, देवावर भरवसा आहे ना अजून?"

"खुळाच हायेस," ती म्हणाली. "ऐकणारा कुणी नसता तर एवढा घसा कशाला फोडला असता मी?"

इतकी वर्षं शास्त्र वाचून मला जे उमगलं नव्हतं ते ती भाकरी मोडता मोडता सांगून गेली. मी दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी धरली.

घरी आल्यावर बायकोनं प्रवासाचं विचारलं. मी रंगवून सांगायला लागलो. केवढं पाणी, कसला मासा, टपावरची माणसं. जिंतूरच्या रस्त्यावर मी संजूला सायकल शिकवली होती, तो रस्ता लागला, असं म्हणालो आणि पुढं बोलताच येईना. दीड वर्षात मी त्याच्यासाठी रडलो नव्हतो. मातीच्या वेळी आक्काला थांबवलं ते शास्त्रासाठी नव्हे. ती थांबली नसती तर मी सुरू झालो असतो, आणि चारचौघांत मला ते नको होतं. आता मात्र आवरेना. मोठ्यांदा, हुंदके देत, अंगणात ऐकू जाईल असा रडलो.

धाकटी खेळ सोडून पळत आली. "आई, बाबा काय करतायत?"

बायको माझ्याशेजारी येऊन बसली होती. तिनं मला गप्प केलं नाही. "देवाशी बोलतायत," ती म्हणाली.