नऊ गाणी आणि एक जोडीदार

"नाव नाय घ्यायचा," असं म्हणून तो बोट ओठावर ठेवायचा आणि डोळ्यांनी हसायचा. नाव घेतलं की समोरचा भांडून मोकळा होतो, नाव न घेता हाणलेलं त्याच्या अंगात मुरतं, असं त्याचं म्हणणं होतं.

तो शिरगावचा, मासेमारांच्या घरातला. बोईसरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात पॅकिंगला होता आणि रॅप करायचा. मी साताऱ्याकडचा, ऑफिसात टायपिंगला. जेवायला आम्ही एकत्र बसायचो. डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी निम्मी माझ्या भाकरीवर ठेवून तो म्हणायचा, "खा भाऊ, आये तुझ्यासाठी देते."

त्याची आई पूर्वी आमच्या गेटसमोर सुकी मासळी विकायला बसायची. मग नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात नाकाला रुमाल लावून ते गाडीतून उतरले आणि वॉचमनकडून तिची टोपली गटारात रिकामी करवली. म्हणे वास येतो. अहो, आमच्या चिमणीने जिथे सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, तिथे ह्यांना बोंबील सोसेना. दुसऱ्या दिवशी गेटवर मनाईची नोटीस लागली. टाइप मीच केली होती, माझं कामच ते. बाई पुन्हा आल्या नाहीत.

तो भांडायला गेला नाही. त्याने अल्बम केला. नऊ गाणी, नऊही टोपलीतल्या बोंबलाच्या तोंडची. त्यात साहेब नाहीत, गेट नाही, वास हा शब्दसुद्धा नाही. फक्त प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला नाकाने ओढलेला एक लांब श्वास. आणि एका गाण्याची शेवटची ओळ तीच पुढच्याची पहिली. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आये बोंबील कसा वाळत घालते? एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते, मग जोडी दोरीवर टाकते. एकटा ऱ्हात नाय, पडतो."

"मग गाणी नऊ का? शेवटचा एकटाच राहिला की."

"त्याचा जोडीदार हाय. वेळ आला का देईन."

अल्बम फोनाफोनांतून पॅकिंगभर पसरला आणि गंमत सुरू झाली. साहेब आत शिरले की कोणीतरी हळूच लांब श्वास ओढायचं. मग दुसरा, मग तिसरा. हसायचं मात्र कोणी नाही. साहेब आधी चोरून स्वतःची बाही हुंगू लागले, मग दिवसाला दोन शर्ट झाले, मग अत्तर, शेवटी नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्याचं ऐकलं. कहर म्हणजे कारखान्याच्या पूजेला त्यांनी ह्यालाच गायला लावलं आणि ठेक्यावर टाळ्या वाजवल्या. मला तर आसुरी आनंद झाला. घरी गेल्यावर बायकोला मी साहेबांची नक्कल करून दाखवायचो.

मागच्या महिन्यात तो नोकरी सोडून भावाच्या बोटीवर गेला. जाताना चटणीची भरलेली बाटली दिली. "आये म्हणाली, भाऊला पुरंल."

आठवड्याने फोनवर दहावं गाणं आलं. श्वास नव्हता. टक, टक, टक, की-बोर्डाचा आवाज होता. मग नवव्या गाण्याची शेवटची ओळ, "हुकूम त्याचा, हात कोनाचा?" आणि अगदी शेवटी, सावकाश उच्चारलेले दोन शब्द: असह्य दुर्गंधी.

मला आधी रागच आला. इतकी वर्षं शेजारी बसून जेवलास, तोंडावर बोलायचं होतंस. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? साहेबांनी मला नुसतं 'वासामुळे' सांगितलं होतं. त्यांना मराठी धड लिहिता येत नाही, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक. नोटिशीतलं 'असह्य दुर्गंधीमुळे' हे माझं मराठी. नोटीस वजनदार दिसावी म्हणून घातलेलं. तेव्हा मला ते आवडलंही होतं, आणि आता त्याची लाज वाटते.

हल्ली मी पॅकिंगमधून गेलो की टेबलांवर बोटं वाजतात. टक, टक, टक. हसत कोणी नाही, नावही कोणी घेत नाही. चटणीची बाटली तशीच आहे. उघडायला हात धजत नाही.