गाडी जिथं पाणी प्यायची

बायकोला आणायला मी स्टेशनवर गेलो आणि ती माझ्यासमोरून भुर्रकन निघून गेली. खिडकीतून हातानं काहीबाही खुणा करत होती. मला वाटलं, खुशीत आहे. मीही हात हलवला. या गाडीचा आमच्या गावचा थांबा कधीचाच बंद झालाय, हे मी साफ विसरलो होतो. 'दुपारच्या गाडीनं ये' असं फोनवर मीच सांगितलेलं. आता ती पुढच्या थांब्यावर, वडशाला उतरणार आणि बसनं मागं येणार.

चंद्रपूरला ती मुलानं शोधलेला फ्लॅट बघायला गेली होती. तिला पसंत पडला, तर इथलं घर विकायचं. निर्णय तिच्यावर सोडून मी मोठा उदार झालो होतो, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

फलाटावरच बसून राहिलो. हे गाव वसलं, ते इंजिनाला तहान लागायची म्हणून. नॅरोगेजची गाडी इथं पाणी प्यायला थांबायची आणि अगदी निवांत प्यायची. तेवढ्यात लोक उतरून चहा घेत, धानाचा भाव काढत, सोयरिकीसुद्धा जमवत. बांबू, तेंदूपत्ता, तांदूळ, सगळं इथूनच चढायचं. हिवाळ्यात नाटकवाले पेट्या-पडदे घेऊन उतरायचे. घरी पाहुणा आला की आई मला बादली देऊन इंजिनाकडे पिटाळायची. ड्रायव्हर कढत पाणी सोडायचा. इंजिनाच्या पाण्यानं अंघोळ झालेला पाहुणा आपल्या गावी जाऊन तेच सांगत बसायचा. अशी ऐट जिल्ह्यात दुसऱ्या गावाची नव्हती, हे माझं मत आजही कायम आहे.

मग डिझेल इंजिन आलं. त्याला आमचं पाणी नको होतं. रूळ रुंद झाले, गाड्या लांबल्या आणि थांबेनाशा झाल्या. राइसमिल एकच उरली. हायवे गावामागून गेला, तरी जुन्या दुकानदारांनी दुकानांची तोंडं स्टेशनाकडेच ठेवलीत. बसमधून उतरणाऱ्याला आधी सगळ्यांच्या पाठी दिसतात. या हट्टाचं मला भारी कौतुक वाटतं.

संध्याकाळी ती आली. पिशवी आपटली.

"फ्लॅट कसा आहे?" मी हळूच विचारलं.

"चांगला हाय. लिफ्ट हाय." तांब्याभर पाणी प्यायली. "तुमी हात काऊन हलवून राह्यले होते जी? अख्खा डबा हसला. समोरची बाई म्हणे, 'अशा गावात आता कोण राह्यते?' मले रागच आला. म्हटलं, मी राह्यतो. आता सांगून तं बसली. फ्लॅट नाई पाह्यजे, हे पोराले तुमीच कळवा."