पूर्णिमाने यंत्र उघडलं

पूर्णिमा भगत आमच्या लॅबमध्ये आली तेव्हा मी कपाळाला हात लावला. पुसदची मुलगी, केमिस्ट्रीत एम.एस्सी., धायरीला तिघींत मिळून एक खोली. डब्यात रोज ठेचा, आणि काहीही सांगा, पहिला प्रश्न, "काहून?" मी मंदाकिनी आपटे, राहणार कोथरूड. पाणी-माती तपासणाऱ्या या लॅबमध्ये एकोणीस वर्षं झाली, रिपोर्टवर शेवटची सही माझी. मला प्रश्न विचारणारी माणसं आवडत नाहीत, हे तिला पहिल्याच दिवशी सुनावलं. "बरं जी," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं!

तिचं काम मोठ्या यंत्रावर. पाण्यात विषारी रसायन किती, ते हे यंत्र सांगतं. पण रोज सकाळी आधी त्याचीच परीक्षा. एक ठरलेलं रसायन टोचायचं, यंत्र त्याचे तुकडे करतं आणि कुठला तुकडा किती ते छापतं. त्याला आम्ही ट्यून म्हणतो. प्रमाण जुळलं तर पुढचे बारा तास नमुने लावा. नाही जुळलं तर यंत्र उघडा, घासा, पुन्हा बसवा. दिवस गेला!

त्या गुरुवारी ट्यून नापास झाली. जड तुकडे निम्म्यावर आले होते. म्हणजे पाण्यात जड विष असलं तरी यंत्र ते कमी दाखवणार, किंवा दाखवणारच नाही. आणि रांगेत पहिला नमुना धायरीच्या एका नव्या सोसायटीच्या बोअरवेलचा. शेजारी केमिकलचे पिंप धुणारी शेड. साठ बिऱ्हाडं तेच पाणी पिणार होती, आणि बिल्डरला रिपोर्ट संध्याकाळी हवा होता.

आमचे मॅनेजर आमोद सर म्हणाले, "माझ्या फोल्डरमध्ये एक चांगली ट्यून आहे. तारीख बदल, लाव आणि नमुना चालव."

"नाही जी, सर. यंत्र आज खोटं बोलून राहिलं."

"नोकरी हवी आहे ना तुला?"

"हवी आहे," ती म्हणाली आणि तिने यंत्रात हवा सोडायचं बटण दाबलं. आतली निर्वात पोकळी गेली; ती पुन्हा तयार व्हायला अख्खी रात्र लागते. आता उद्यापर्यंत देवालासुद्धा नमुना चालवता आला नसता. सर ओरडले, "उद्यापासून येऊ नकोस!" तिने हातमोजे घातले आणि भाग सुटे करून घासायला बसली.

माझा संताप झाला, तिच्यावरच. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, आणि ही बाई तमाशे करते! चार वाजता सरांनी धायरीचा रिपोर्ट आणून ठेवला. 'आढळले नाही.' यंत्र पलीकडे सुटं पडलेलं आणि निकाल माझ्यासमोर! तरी, खरं सांगते, मी पेन उघडलं.

तेवढ्यात ती दारात आली. "मॅडम, सहीच्या आधी ट्यूनचं पान कधी उघडता का तुम्ही?"

"मला शिकवू नकोस," मी खेकसले. ती गेल्यावर निव्वळ रागाने रिपोर्टला जोडलेलं ते पान उघडलं. तारीख आजची, ट्यून पास! मग कपाटातली एक जुनी फाइल काढली. आकडे तेच, शेवटच्या दशांशापर्यंत. असे आकडे दोन दिवस सारखे येत नसतात हो! आणखी फायली काढल्या. अकरा रिपोर्ट, एकच पान. त्यांतले सात तर पूर्णिमा इथे नोकरीला लागायच्या आधीचे. अकराही सह्या माझ्या. लाज वाटली स्वतःची.

सर आले. "मॅडम, बिल्डरचा माणूस खाली थांबलाय."

"थांबू दे. धायरीचंच पाणी पाजा त्याला. पूर्णिमा उद्या येईल, यंत्र पास झालं की नमुना लावेल, मग सही. ती नाही आली तर मीही नाही, आणि या अकरा फायली घेऊन कुठे जायचं ते मला ठाऊक आहे." पलीकडे पूर्णिमा यंत्र बसवून पंप चालू करत होती.

अकरांतली एक फाइल विश्रांतवाडीच्या एका शाळेची होती, दोन वर्षांपूर्वीची. मी फोन लावला, नाव सांगितलं आणि म्हटलं, मुलांना ते पाणी देऊ नका, पुन्हा तपासायचंय.

मुख्याध्यापिका गोंधळल्या. "अहो, पण तुमची सही बघूनच तर आम्ही फिल्टर काढून टाकला."