रुमाल टाकलेली सीट

वर्ध्याहून अल्लीपूरच्या शाळेत शिकवायला जाताना सकाळच्या एसटीत तो म्हातारा रोज माझ्या पुढच्या सीटवर असे. शेजारची जागा पिवळा रुमाल टाकून धरलेली. गाडी डेपोबाहेर पडली की तो त्या रिकाम्या जागेकडे वळून म्हणे, "तेंगो." मग थांबे, कान देई, मान डोलावी. "तिएनेस." पुन्हा थांबे.

एकदा मी विचारलंच, "काका, ही कोणती भाषा?"

"स्पॅनिश. पोरगी स्पेनले रायते. नातवाले मराठी येत नाई, म्हून आमी दोघं शिकून राह्यलो. क्रियापदाचं आत्ताचं रूप मी म्हणतो, मागचं ही म्हणते." त्याने रुमालाकडे बोट केलं.

त्याची बायको दिवाळीआधीच वारली, हे मला कंडक्टरने सांगितलं.

मग मी मोबाइलवर शोधलं. तेंगो म्हणजे माझ्याजवळ आहे. माझ्याजवळ होतं म्हणायचं तर तुवे. दुसऱ्या दिवशी तो "तेंगो" म्हणून थांबला, तेव्हा कीव येऊन मी मागून हळूच म्हटलं, "तुवे."

तो वळला. रागावला नाही. "बरोबर हाये, म्याडम. पन तिनं आंधीच सांगतलं."

सोमवारी तो आला नाही. त्या दोन्ही सीटवर दुसरेच कोणी बसले होते. मी माझ्या जागी गेले, तर शेजारच्या सीटवर पिवळा रुमाल. कुणाचा म्हणून विचारलं, तर तो कुणाचाच नव्हता.

गाडी डेपोबाहेर पडली. मी त्या रुमालाकडे वळून "तेंगो" म्हटलं आणि थांबले.