उघड्या ठेवायच्या बशा

डॉक्टरांनी रक्ताचा कागद वाचला आणि म्हणाले, “ब्रुसेलोसिस.” आमची तोंडं बघून त्यांनी समजावलं. हा शेळ्यामेंढ्यांचा ताप. आजारी जनावर कापलं की जंतू हवेत उडतात, माणूस तीच हवा श्वासात घेतो.

माझा नवरा नगरबाहेरच्या मटणाच्या शेडवर जनावरं कापायला होता, मी तिथेच फरशी धुवायला. चार महिने यांना ताप येत-जात होता. संध्याकाळी घामाने बनियन पिळून काढावं लागे. आम्ही शहाण्यांनी हिवताप समजून गोळ्या चालू ठेवल्या.

दीड महिना इंजेक्शनं झाली, ताप उतरला. परत कामावर पाठवायचं का, हे शेडची हवा तपासून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. एके सकाळी ते आले, काचेच्या बशा मांडल्या आणि तासभर मॅनेजरकडे बसले. बशांत अगार होतं, म्हणजे जंतूंचं खाद्य; हवेतले जंतू त्यावर पडले की चार दिवसांत वाढून ठिपके दिसतात.

त्यांची पाठ वळताच मी खराटा घेऊन आले तेव्हा बशा उघड्या दिसल्या, झाकणं शेजारी. आत खरवसासारखं काहीतरी थिजवलेलं, वर माश्या घोंगावू लागलेल्या. खायचं उघडं ठेवू नये, हे आईने लहानपणीच अंगी मुरवलेलं. मी सगळ्या झाकल्या. झाडून, फिनेलने फरशी धुऊन झाल्यावर, डॉक्टर परतायच्या जरा आधी, होत्या तशा उघडून ठेवल्या.

बशा स्वच्छ निघाल्या. हे कामावर गेले.

तीन महिन्यांत पुन्हा वॉर्डात. या खेपेला जंतू हृदयाच्या झडपेवर बसले होते. डॉक्टर चक्रावले. “तासभर उघड्या होत्या बशा. हवा स्वच्छच होती.”

“उघड्या ठेवायच्या होत्या?” मी विचारलं आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर खाली बघत म्हणाले, “तुम्हाला सांगायचं काम माझं होतं.”

हे मात्र हसले. “लई टापटीप हाय आमची बायकू. डाक्टर, परत लावा बशा. मला कशानं धरलं ते तरी कळू द्या.”

तुमच्यावर अशी वेळ आली तर लाजू नका. दवाखान्यातल्या माणसाने काही मांडलं की ते कशासाठी, हे आधी विचारा. मी विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी मी बशांपाशी उभी राहिले, कोणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला त्या दाखवल्या. पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च भरलेल्या. पुढे त्यांनी शेडवरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं, दोघांचा ताप वेळेत सापडला. डॉक्टरांचे ते उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवशी मात्र मी ठिपके बघून तशीच वॉर्डात धावले. यांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. मी ती बाजूला केली आणि सांगितलं, “अहो, भरल्या बशा. शेडवरच्या हवेनंच धरलं तुमाला.”